‘एका हंगामाचं नशीब’? लाँसवरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

आरसी लाँस या फ्रेंच फुटबॉल क्लबवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 2022-23 मध्ये लाँस दुसरा आला तो नशिबानं, कारण त्याच्या आधी आणि नंतर हा संघ सातवा-आठवाच राहिला. पुढची घसरण मालकांच्या हव्यासामुळे झाली, चांगला खेळाडू दिसला की विकायचा हाच यांचा धंदा. आणि 1998 चं एकुलतं एक विजेतेपदही गोलफरकावर (केलेले वजा खाल्लेले गोल) मिळालेलं, तेव्हा खाणकामगारांच्या गोष्टी सांगून या क्लबला उगाच मोठं करू नये. पहिल्या आणि तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर सोपं आहे. दुसरा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे आणि खरी गफलत तिथेच होते आहे.

आधी नशिबाचं बघू. फ्रान्सच्या अव्वल लीगमध्ये 2022-23 पर्यंत 20 संघ होते, म्हणजे प्रत्येकाचे 38 सामने. 2023-24 पासून 18 संघ आणि 34 सामने झाले. त्यामुळे नुसते गुण शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, सामन्यामागे गुण काढावे लागतात (विजयाला तीन गुण, बरोबरीला एक). लाँसचे असे निघतात: 2020-21 मध्ये 57, म्हणजे सामन्यामागे दीड. 2021-22 मध्ये 62, म्हणजे 1.63. 2022-23 मध्ये 84, म्हणजे 2.21. 2023-24 मध्ये 51, पुन्हा बरोबर दीड. 2024-25 मध्ये 52, म्हणजे 1.53. यातला पहिला हंगाम दुसऱ्या श्रेणीतून नुकत्याच वर आलेल्या संघाचा आहे. वर आल्यापासूनच्या या पाच वर्षांत लाँस दीडच्या खाली एकदाही गेला नाही. तुम्ही ‘सातवा-आठवाच’ म्हणून ज्याची बोळवण करता, ते सातत्य या आकाराच्या क्लबला सहज जमत नाही.

मधला हंगाम उठून दिसतो हे खरं. पण नशिबानं एखाद-दुसरा सामना हाती लागतो. 38 सामन्यांत 25 विजय, 9 बरोबरी आणि फक्त 4 पराभव नशिबानं होत नाहीत. लाँसनं 68 गोल केले आणि 29 खाल्ले. त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात कमी गोल त्यांनीच खाल्ले, विजेत्या पीएसजीनं, म्हणजे पॅरिसच्या क्लबनं, 40 खाल्ले होते. आणखी एक गोष्ट: दोनच वर्षांपूर्वी शेजारच्या शहराचा क्लब लील 83 गुणांवर विजेता ठरला होता. लाँस 84 गुण मिळवून दुसरा राहिला, कारण पीएसजीचे 85 झाले.

नशीबच शोधायचं असेल तर ते उलट बाजूला सापडेल. 1 जानेवारी 2023 ला लाँसनं घरच्या मैदानावर पीएसजीला 3-1 नं हरवलं, पीएसजीचा तो त्या हंगामातला पहिला पराभव. परतीची लढत 15 एप्रिलला पॅरिसमध्ये. तेव्हा अंतर सहा गुणांचं होतं. 19 व्या मिनिटाला, 0-0 असताना, लाँसच्या सालिस अब्दुल समेदनं पीएसजीच्या हकिमीला उशिरा टॅकल केलं आणि थेट लाल कार्ड बघितलं. लाँसच्या मधल्या फळीत दोनच माणसं खेळायची, त्यातला एक विसाव्या मिनिटाच्या आत बाहेर गेला. मध्यंतराआधीच पीएसजीच्या एम्बापे, व्हितिन्हा आणि मेस्सीनं तीन गोल चढवले. सामना 3-1 संपला आणि अंतर नऊवर गेलं. त्यानंतर उरलेले सातही सामने लाँसनं जिंकले, पीएसजीनं त्याच सात सामन्यांत 13 गुण घेतले. शेवटी अंतर राहिलं एका गुणाचं. एप्रिलमधल्या त्या लढतीत नुसती बरोबरी झाली असती, तरी बाकी निकाल तेच धरून लाँस 85 वर आणि पीएसजी 83 वर थांबले असते.

आता 1998. हो, लाँस आणि मेत्झ दोघांचेही 68 गुण झाले. गोलफरक लाँसचा +25, मेत्झचा +20. पण हंगामाआधीच ठरलेल्या नियमानं मिळालेलं विजेतेपद दुय्यम कसं ठरतं? मार्चअखेर प्रशिक्षक डॅनिएल लक्लेर्कच्या लाँसनं मेत्झच्या मैदानावर जाऊन 2-0 असा विजय मिळवला होता, शर्यत खरी तिथे फिरली. 9 मे 1998 ला शेवटच्या दिवशी ओसेरच्या मैदानावर लाँस पिछाडीवर होता. योआन लाशोरनं बरोबरी साधली आणि तेवढा एक गुण पुरला. (त्या मेत्झ संघातला रोबेर पिरेस 2014 मध्ये आयएसएल या भारतीय लीगच्या पहिल्या हंगामात एफसी गोवाकडून खेळला. आपल्याकडच्या अनेकांनी त्याला फातोर्ड्याला बघितलंय.) 1998 च्याच नोव्हेंबरमध्ये युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये लाँसनं वेम्बलीवर आर्सेनलला 1-0 नं हरवलं, गोल मिकाएल देबेव्हचा. आणि 2002 मध्ये शेवटच्या दिवशी एका गुणानं पुढे असलेला लाँस लिओंमध्ये 3-1 हरला, लिओंला त्यांचं पहिलं विजेतेपद तिथे मिळालं. एका दिवसात जिंकणं आणि एका दिवसात गमावणं, दोन्ही या क्लबच्या खात्यावर आहेत.

लाँस हे कोळशाच्या खाणींचं शहर, त्यामुळे खाणकामगारांचा उल्लेख मी भावनेसाठी केला नव्हता. क्लब 1906 चा. मैदान उभं राहिलं 1933 मध्ये, खाण कंपनीच्या पैशातून आणि काम गेलेल्या खाणकामगारांच्या हातून. फेलिक्स बोलाएर हे त्या कंपनीचे व्यापारी संचालक, मैदानाला त्यांचं नाव आहे. म्हणजे पगार, मैदान, खेळाडूंच्या नोकऱ्या, सगळं एकाच मालकाकडून येत होतं. कोळशाचा धंदा बसायला लागला तसा खाण व्यवस्थापनानं हात काढून घेतला आणि 1969 मध्ये क्लबला व्यावसायिक दर्जा सोडून हौशी खेळाडूंवर उतरावं लागलं. महापौर आंद्रे देलेलिस आणि नगरपालिका मागे उभी राहिली म्हणून क्लब जगला. 2012 मध्ये देलेलिस वारले, तेव्हापासून मैदानाच्या नावात त्यांचंही नाव आहे. शहराची वस्ती 33 हजारांच्या आत, मैदानाची आसनं 38 हजारांच्या वर. एकाच खिशावर अवलंबून राहिल्यावर काय होतं हे या क्लबनं एकदा नाही, दोनदा भोगलंय, आणि तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर तिथूनच सुरू होतं.

दुसरी वेळ 2014 ची. अझरबैजानी उद्योजक हाफिझ मम्मादोव तेव्हा मालक होते. लाँस वरच्या श्रेणीत परतला, पण मालकाकडून ठरलेले पैसे पोहोचले नाहीत. फ्रान्समध्ये क्लबांचे हिशेब तपासणारी डीएनसीजी नावाची यंत्रणा आहे. ती दर हंगामाआधी प्रत्येक क्लबचं अंदाजपत्रक तपासते. पैसे कमी पडताना दिसले की पगारावर मर्यादा घालते, खरेदी थांबवते, वेळ पडली तर खालच्या श्रेणीत पाठवते. तिनं लाँसचा प्रवेश आधी अडवला. अपिलातून तो मिळाला, पण खेळाडू घ्यायला बंदी आली. त्यात युरो 2016 या युरोपीय देशांच्या स्पर्धेसाठी मैदानाचं काम निघालेलं, म्हणून घरचे बहुतेक सामने आमियाँला खेळावे लागले. हंगामाअखेर लाँस तळाला होता. 2016 मध्ये जोसेफ उगुरलियन यांच्या गुंतवणूक कंपनीनं क्लब हाती घेतला, तो या अवस्थेत.

त्यात दूरचित्रवाणीच्या पैशाची भर घाला. 2020 मध्ये लीगचा मेदियाप्रो या प्रसारण कंपनीशी वर्षाला 80 कोटी युरोच्या वरचा करार सुरू झाला आणि त्याच डिसेंबरमध्ये कोसळला. 2024 मध्ये डॅझन ही दुसरी प्रसारण कंपनी आली, वर्षभरात तीही गेली. ऑगस्ट 2025 मध्ये लीगला स्वतःचं चॅनल काढावं लागलं. पीएसजीमागे कतारचा पैसा आहे. लाँसमागे भरलेलं मैदान आहे, पण तिकिटांवर अव्वल संघाचे पगार निघत नाहीत. खेळाडू विकून येणारा पैसा इथे नफ्यासाठी लागत नाही, डीएनसीजीसमोर हिशेब जुळवायला लागतो. ‘विकूच नका’ हा पर्याय या क्लबकडे नाही.

प्रश्न आहे तो काय विकलं, किती एकदम विकलं आणि कधी विकलं हा. 2022 चा उन्हाळा आठवा. उजव्या बाजूचा जोनाथन क्लॉस मार्सेयला गेला, मधल्या फळीतला शेक दुकुरे क्रिस्टल पॅलेसला गेला, आणि पीएसजीकडून उसना घेतलेला आर्नो कालिम्वेंडो परत गेला. तिघेही नियमित खेळणारे. तुमच्या हिशेबानं घसरण तेव्हाच व्हायला हवी होती. झालं उलट, 62 चे 84 गुण झाले. कारण तिघं तीन वेगवेगळ्या फळ्यांतले होते आणि प्रत्येकाच्या शेजारचा माणूस जागेवर राहिला. दुकुरेच्या जागी समेद आला तेव्हा शेजारी सेको फोफाना होता. क्लॉसच्या जागी उजवीकडे फ्रांकोव्स्की सरकला, तो आधीपासून संघातच होता. पुढे लोईस ओपेंडा आला, त्याच्या मागे सोटोका होता. मागचे तिघे, ग्रादी, डान्सो आणि मेडिना, तसेच राहिले. त्यांच्यामागे ब्रीस सांबासारखा गोलरक्षक नवा आला.

2023 च्या उन्हाळ्यात दोनच मोठी नावं गेली: फोफाना सौदीतल्या अल नासरला, ओपेंडा लाइपझिगला. पण ही दोन माणसं एकाच चालीची दोन टोकं होती. तेव्हाचे प्रशिक्षक फ्राँक एझ यांचा संघ 3-4-2-1 मध्ये खेळायचा, म्हणजे मागे तीन, मधे चार, त्यांच्यापुढे दोन आणि टोकाला एक. चेंडू वर, समोरच्याच्या अर्ध्यात हिसकावायचा. तो हाती आला की फोफाना पायात चेंडू घेऊन मधून धावत सुटायचा, आणि त्याच क्षणी ओपेंडा बचावफळीच्या पाठीमागे पळायचा. ओपेंडाच्या वेगाच्या भीतीनं समोरचा बचाव मागे सरकायचा, त्यामुळे मधे जागा मोकळी व्हायची, आणि ती जागा फोफाना वापरायचा. एकाच्या धावेवर दुसऱ्याची जागा अवलंबून. ओपेंडानं त्या हंगामात लीगमध्ये 21 गोल केले, क्लेरमाँविरुद्ध तर पाच मिनिटांच्या आत तीन. त्यातले कितीतरी गोल चेंडू हिसकावल्यानंतर काही सेकंदांतले होते.

दोघं एकदम गेल्यावर समोरच्यांना बचावाची रेषा बिनधास्त वर आणता आली. मधली फळी दाटली आणि लाँसचं प्रेसिंग (चेंडू वरच हिसकावण्यासाठी टाकलेला दबाव) पहिल्या पासानंतरच अडायला लागलं. बदली म्हणून आणलेला एल्ये वाही ही क्लबची तोवरची सगळ्यात महागडी खरेदी, तीन कोटी युरोच्या आसपासची. पण तो आला हंगाम सुरू झाल्यावर. प्रेसिंग कधी सुरू करायचं, कोणी कोणावर जायचं हे सरावातच बसतं, आणि तो सराव जुलैमध्ये होतो. पहिल्या पाच सामन्यांत लाँसला एकच गुण मिळाला. ब्रेस्तला 2-0 नं पुढे असताना 3-2 हरले. त्यातच चॅम्पियन्स लीगचे आठवड्याच्या मधले सामने आले. ऑक्टोबरमध्ये आर्सेनलला 2-1 नं हरवलं, त्यात थॉमासाँ आणि वाहीचेच गोल होते, म्हणजे गुणवत्ता संपली नव्हती. सांधा जुळायला वेळ लागला, आणि 34 सामन्यांच्या लीगमध्ये तो वेळ परवडत नाही.

आणखी एक कारण फार कमी लोक सांगतात. 2020 ते 2022 मधली बहुतेक चांगली खरेदी फ्लोराँ गिसोल्फी यांच्या हातची होती, आणि ते ऑक्टोबर 2022 मध्ये नीसला गेले. त्यांची बरीच जबाबदारी एझ यांच्यावर आली. रोजचा सराव आणि खेळाडूंचा बाजार, दोन्ही एका माणसानं सांभाळायचं म्हणजे कशावर तरी परिणाम होणारच.

खरेदी चांगली असेल तर विक्री क्लबला मारत नाही, याचं उदाहरण अब्दुकोदिर खुसानोव. 2023 मध्ये मिन्स्कच्या एनर्गेतिकमधून हा उझबेक बचावपटू सुमारे एक लाख युरोत आला. जानेवारी 2025 मध्ये मँचेस्टर सिटीनं त्याच्यासाठी सुमारे चार कोटी मोजले. मात्र त्याच महिन्याभरात डान्सो टॉटनमला, सांबा रेनला आणि फ्रांकोव्स्की गलातासरायला गेले. तेव्हाचे प्रशिक्षक विल स्टिल यांच्या हातात हंगामाच्या मध्यावर जवळपास नवी बचावफळी उरली. 2024-25 चा आठवा क्रमांक तिथून आला. पैशाचं गणित बरोबर होतं, वेळ चुकीची होती. तुम्ही यावर टीका केली असतीत तर मी सहमत झालो असतो.

2025 च्या उन्हाळ्यातही मधल्या फळीतले दोघं गेले, एल ऐनावी रोमाला आणि दियुफ इंटरला, बचावातला मेडिनाही मार्सेयला गेला. पण थॉमासाँ राहिला. त्याच्या शेजारी रापिड व्हिएन्नामधून सांगारे आला, पुढे तोव्हाँ आणि एदुआर, मागे बाइदू, गोलमध्ये रिसेर. नवे प्रशिक्षक पिएर साज, ज्यांनी 2023-24 मध्ये तळाला पडलेल्या लिओंला सहाव्या क्रमांकावर नेलं होतं, त्यांनीही मागे तिघांचीच रचना ठेवली. पहिला सामना घरी लिओंकडून 1-0 हरले. डिसेंबरमध्ये हिवाळी सुट्टी लागली तेव्हा लाँस पीएसजीच्या एका गुणानं पुढे, अव्वल होता.

या संघातूनही खेळाडू जातील, क्लबच्या हिशेबाला त्याशिवाय इलाज नाही. सांगारे एकटा गेला तर मला काळजी वाटणार नाही. सांगारे आणि थॉमासाँ एकाच उन्हाळ्यात गेले, आणि त्यांच्या जागी येणारे ऑगस्ट उजाडल्यावर आले, तर मात्र पहिल्या पाच सामन्यांचे निकाल मी धास्तीनंच बघेन.