पडली एकदाची बंद!

माझी गाडी आता अशा वयाला पोचली आहे की तिला खरं तर अहोजाहोच करायला हवं. तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा तो पिवळा दिवा पहिल्यांदा लागला, तेव्हा मी माझा हुकमी उपाय केला. तिकडे बघितलंच नाही. चार दिवसांनी दिवा आपोआप विझला, आणि यंत्रांच्या बाबतीत आपला हात चांगला आहे असा माझा समज झाला.

मग खडखडाट सुरू झाला. सिग्नलला उभी असताना गाडी अगदी गुणी, पण इंजिन तापल्यावर हलक्या चढावर अर्धा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखाली कोणीतरी पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवतंय असा आवाज. मेकॅनिककडे नेली की आवाज गायब. त्याच्यासमोर ती अशी मांजरासारखी गुरगुरायची, की तो गाडीऐवजी माझ्याकडेच संशयाने बघायचा.

शेवटी मेव्हण्याने आपला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, आणला. स्कॅनर घेतल्यापासून तो कोणाच्याही गाडीत परवानगी न विचारता शिरतो. "पी-०४०१," तो म्हणाला. "ईजीआरचा प्रवाह अपुरा आहे, भावजी." इतक्या गंभीर आवाजात, की नातेवाइकांना कळवावं का असं मला वाटून गेलं.

ईजीआर म्हणजे इंजिनाला स्वतःचाच थोडा धूर परत पाजणं. ही कल्पना पहिल्यांदा ऐकून मला किळस आली, पण त्यामागे शहाणपण आहे. सिलिंडरमधलं तापमान साधारण १४०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेलं, की हवेतला एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला नायट्रोजन ऑक्सिजनशी संसार मांडतो आणि विषारी नायट्रोजन ऑक्साइड जन्माला येतात. म्हणून १९७० च्या दशकापासून पेट्रोल गाड्यांत ही सोय आली. ताज्या हवेत थोडा जळून गेलेला धूर मिसळायचा. हा धूर सेवानिवृत्त माणसासारखा. स्वतः काही पेटत नाही, जागा अडवून बसतो, आणि त्याच्या नुसत्या असण्याने इतरांचं तापमान खाली येतं. तो आला नाही की इंजिन तापतं आणि पेट्रोल अवेळी पेटून खिळे वाजू लागतात.

दिव्याचं गूढही उकललं. गाडीतला कॉम्प्युटर ईजीआरची तपासणी इंजिन तापल्यावर, ठरावीक परिस्थितीतच करतो. पहिल्या फेरीत दोष दिसला तर चकार शब्द काढत नाही, नुसती नोंद ठेवतो. पुढच्या फेरीत तोच दोष पुन्हा सापडला की दिवा. आमच्या एका आत्याची हीच पद्धत आहे.

आता प्रवाह अपुरा म्हटल्यावर आम्ही काय केलं? धुराचा रस्ता उघडणारा ईजीआर व्हॉल्व्ह इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर उघडतो, म्हणून आधी ती ओढ त्याच्यापर्यंत नेणारी नळी बदलली. व्हॅक्यूमची ती बारीक रबरी नळी जुनी होऊन तडकते हे खरं, पण आमची तडकलेली नव्हती. मग ती ओढ चालू-बंद करणारा विजेवरचा सोलेनॉइड बदलला, तोही धडधाकट निघाला. मग मेकॅनिकने व्हॉल्व्हला व्हॅक्यूम ओढणारा हातपंप लावला. काटा चढला आणि लगेच घसरला. "डायफ्रॅम फाटलाय साहेब, व्हॅक्यूम धरत नाही." डायफ्रॅम म्हणजे व्हॉल्व्हमधला तो पातळ पडदा, जो या ओढीने उचलला जातो. नवा व्हॉल्व्ह बसला. दोन दिवसांनी दिवा परत आला.

रोग हाल्याला आणि औषध पखालीला, याचा अर्थ मला त्या रात्री नीट कळला. गाडीची सर्व्हिस मॅन्युअल घेऊन बसलो, तर त्यात लिहिलेलं की आमच्या व्हॉल्व्हला एक्झॉस्टचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराचा, उलटा दाब मिळाल्याशिवाय तो व्हॅक्यूम धरतच नाही. बंद इंजिनावर काटा घसरणं हा त्याचा दोष नव्हता, स्वभाव होता. म्हणजे एका निरपराध व्हॉल्व्हला आम्ही नोकरीवरून काढलं होतं. तो अजून माझ्या खणात आहे. खण उघडताना मी त्याच्याकडे बघत नाही.

खरी परीक्षा त्याच पानावर, दोन ओळींत होती. इंजिन गरम करा, आयडलिंगवर ठेवा (गाडी उभी, अ‍ॅक्सिलरेटरला पाय नाही), जाड हातमोजा घाला आणि व्हॉल्व्हखालून बोट घालून डायफ्रॅम वर उचला. आयडलिंगला इंजिन मुळात कशीबशी हवा घेत असतं. त्यात एकदम धूर शिरला तर ते अडखळेल, बहुतेक बंदच पडेल. पडलं, तर रस्ता मोकळा. नाही पडलं, तर धूर पोचतच नाहीये.

मी बोट घातलं, उचललं. इंजिनाने दखलही घेतली नाही. मी तीन वेळा उचललं. हातमोजा पुरेसा जाड नव्हता हे तेवढं सिद्ध झालं.

मग व्हॉल्व्ह उतरवला. त्यामागे इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या मार्गात, जाणारा धुराचा रस्ता, ज्यात माझं बोट जायला हवं होतं, त्यात पेन्सिलीचं टोकही जाईना. वर्षानुवर्षांची काजळी दगडासारखी बसली होती. पुढचे तीन तास वाकवलेली तार, जुना स्क्रू ड्रायव्हर आणि कार्बन क्लीनर. खरवडलेला चुरा आत इंजिनात पडू नये म्हणून घरातला व्हॅक्यूम क्लीनरही आणला. त्याविषयी घरात नंतर जे बोललं गेलं ते इथे देत नाही.

नवं गॅस्केट घातलं, बोल्ट आवळले, गाडी सुरू करून तापू दिली. माझं तोंड काळं, खोकल्यातूनही काळं. श्वास रोखून डायफ्रॅम उचलला.

इंजिन थरथरलं, एक आचका दिला आणि धाडकन बंद पडलं.

"पडली!" मी ओरडलो. "बंद पडली!" दोन्ही हात वर, जागच्या जागी उडी. शेजारचे काका गॅलरीतून हे बघत होते. ते घाईघाईने खाली आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "होतं असं, जुनी गाडी आहे. मनाला लावून घेऊ नका."

"अहो काका, चांगलं झालं! बंदच पडायला हवी होती!"

काकांनी हात काढून घेतला. "मग इतके दिवस चालू का ठेवली होती?"

मी किल्ली फिरवली. गाडी शहाण्यासारखी सुरू झाली. काकांच्या चेहऱ्यावर जरा धुगधुगी आली. मग त्यांची खात्री पटावी म्हणून मी बॉनेटखाली हात घातला आणि ती पुन्हा बंद पाडून दाखवली.