१९६८च्या कॅमॅरोचे शॉकअप: तुमच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या शेवरोले कॅमॅरोच्या कामाबद्दल आमच्या गॅरेजला दिलेला रिव्ह्यू वाचला. तुम्ही मराठीत लिहिलंय, तेव्हा उत्तरही मराठीतच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मागची बाजू उचलायला एअर शॉक मागितले तर आम्ही साफ नकार दिला. त्याऐवजी महागाचे गॅस शॉकअप गळ्यात मारले, शेजाऱ्यांच्या गाडीला निम्म्या किमतीत काम झालं. नवे शॉकअप बसल्यापासून गाडी कडक झाली आणि नाक अर्धा इंच वर आलं. मागचे दोन शॉकअप एक पुढे, एक मागे असे उलटसुलट बसवले. आणि वर तपासणीचे पैसे वेगळे घेतले.

आधी ते 'उलटसुलट' घेतो, कारण ते वाचून दुसरा कुणी आपल्या गाडीखाली वाकून बघेल आणि विनाकारण घाबरेल. १९६७ची पहिली कॅमॅरो आली तेव्हा मागचे दोन्ही शॉकअप ऍक्सलच्या (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) एकाच बाजूला होते. जोरात पिकअप घेतला की ऍक्सल स्वतःभोवती फिरू बघायचा, पाटे (मागच्या पट्टीच्या स्प्रिंगा) पिळवटायचे, टायरची पकड सुटली की झटक्यात सरळ व्हायचे, पुन्हा पकड, पुन्हा पीळ. मागची चाकं थाडथाड नाचायची. शेवरोलेने १९६८ला त्यावर उपाय केला: एक शॉकअप ऍक्सलच्या पुढे, दुसरा मागे. आता ऍक्सल कुठल्याही बाजूला फिरू लागला की एक शॉकअप दाबला जातो, दुसरा ताणला जातो आणि दोघं मिळून त्याला धरतात. तुमची गाडी १९६८ची आहे. कारखान्याने जिथे जागा दिली, तिथेच आम्ही शॉकअप बसवलेत. तुमच्या मित्राने दाखवलेला फोटो १९६७च्या गाडीचा असणार.

आता एअर शॉक. तो नकार मी स्वतः दिला होता आणि उद्या पुन्हा विचारलंत तरी देईन.

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअपचं काम त्या स्प्रिंगचं वर-खाली होणं आवरायचं, एवढंच. खड्ड्यातून चाक वर आलं की स्प्रिंग दाबली जाते आणि मग सुटते. ती सुटताना मोकळी राहिली तर गाडी दोन-तीन वेळा डुलते. शॉकअपच्या नळीतलं तेल पिस्टनच्या बारीक भोकांतून ढकललं जातं आणि ते डुलणं तिथेच विरतं. त्या धक्क्याची उष्णता होते, म्हणून लांबच्या प्रवासानंतर शॉकअपला हात लावला तर तो गरम लागतो. वजन उचलणं त्याच्या कामात कुठेच नाही.

एअर शॉकमध्ये नळीभोवती रबराची पिशवी असते. हवा भरली की ती गाडी वर ढकलते. डिकीत सामान किंवा मागे ट्रेलर असताना मागची बाजू तेवढ्यापुरती सावरायला ही वस्तू ठीक आहे. पण तुम्हाला रुंद टायर मडगार्डला घासू नयेत म्हणून मागची बाजू कायमची उचलून हवी होती. म्हणजे जे वजन पाट्यांवरून चॅसीत जायचं, त्यातला मोठा वाटा शॉकअपच्या वरच्या बोल्टांवर आला. तुमच्या गाडीत ते बोल्ट डिकीखालच्या पत्र्यात आहेत. तिथला पत्रा झटके आवरायला पुरतो, रोजचं ओझं वाहायला नाही. बोल्टाच्या भोकापासून निघालेली आणि रंगाखालून गंजत गेलेली चीर मी जुन्या गाड्यांत पाहिली आहे. ती बाहेरून दिसत नाही, डिकीतला गालिचा उचलावा लागतो. शिवाय दोन्ही पिशव्यांना हवेची नळी बहुतेक वेळा एकच असते. वळणावर बाहेरच्या बाजूला भार आला की तिथली हवा आतल्या पिशवीत जाते आणि जिथे आधार हवा तिथेच तो कमी होतो. गाडी आणखी कलते. हायवेच्या रॅम्पवर, वेगात, हे मला तुमच्या बाबतीत नको होतं.

मागची बाजू बसली आहे कारण पाटे थकले आहेत. त्यावर इलाज नवे पाटे, किंवा आहेत त्यांनाच पुन्हा बाक देऊन घेणं. टायर घासतो त्याला इलाज योग्य ऑफसेटची, म्हणजे मडगार्डपासून पुरेशी आत बसणारी चाकं. दोन्ही गोष्टी मी तुम्हाला त्या दिवशी लिहून दिल्या होत्या.

गाडी कडक झाल्याची तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती खरी आहे. फक्त दोष शॉकअपचा नाही. तुमचे जुने शॉकअप काढल्यावर मी एकेक व्हाइसमध्ये उभा धरून दांडी आत-बाहेर करून दाखवली होती. उजव्या पुढच्याला मधल्या टप्प्यात इंचभर काहीच जोर नव्हता, दांडी हवेतल्यासारखी सरकत होती. बाहेर तेलाचा ओघळ आणि त्यावर बसलेली धूळही तुम्ही पाहिलीत. असा मेलेला शॉकअप गाडी कडक करूच शकत नाही. तरीही आदल्या दिवशी ट्रायलला तुम्ही शेजारी बसला होतात, आणि आय-७५ हायवेवर काँक्रीटचा प्रत्येक सांधा पाठीला लागतो असं तुम्हीच म्हणालात. म्हणजे तो दणका आधीपासून होता. तेव्हा गाडी सोबत डुलतही होती, म्हणून तो वेगळा जाणवत नव्हता. डुलणं थांबलं आणि दणका उघडा पडला.

तो येतो पुढच्या स्प्रिंगमधून. तुमच्या गाडीत ३२७ घन इंचाचं स्मॉल-ब्लॉक, म्हणजे शेवरोलेच्या लहान बांध्याचं इंजिन आहे, वर ऍल्युमिनियमची हेड (इंजिनची वरची झाकणं) बसवून ते आणखी हलकं केलेलं. खालची कॉइल स्प्रिंग मात्र ३९६ बिग-ब्लॉकची, म्हणजे मोठ्या बांध्याच्या इंजिनची आहे. आम्ही तारेची जाडी व्हर्नियरने मोजली, वेटोळी मोजली, आणि आधीच्या मालकाच्या फाईलमधल्या पावतीवरही तेच सापडलं. बिग-ब्लॉक इंजिन शंभरेक पौंडांनी जड असतं, त्याच्यासाठी केलेली स्प्रिंग हलक्या नाकाखाली दबतच नाही. जगातला कुठलाही शॉकअप ते दुरुस्त करणार नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं की आधी स्प्रिंग बदलू, मग शॉकअप निवडू. तुम्हाला ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझपर्यंत (डेट्रॉइटकडच्या जुन्या गाड्यांच्या फेरीपर्यंत) खर्च आवरायचा होता, तोही मला पटला. म्हणून आताच्या आणि पुढे बदलायच्या, दोन्ही स्प्रिंगांवर निभेल अशा मध्यम व्हॉल्व्हिंगचा, म्हणजे फार कडक नाही आणि फार मऊ नाही असा शॉकअप निवडला.

आणखी एक, टायरची हवा. गाडी आली तेव्हा चारही टायर ४२ पीएसआयवर होते. आम्ही ३० केले. तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय की 'हवाही कमी भरून दिली', म्हणजे पुन्हा वाढवली असणार. कृपा करून ३०-३२वर आणा आणि तोच रस्ता पुन्हा चालवून बघा. ही गाडी बनली तेव्हा बायस-प्लाय, म्हणजे जुन्या तिरप्या धाग्यांच्या बांधणीचे टायर होते, आता खाली रेडियल आहेत. जुन्या आकड्यांनी किंवा अंदाजाने हवा भरू नये.

नाक वर आलं ते गॅसमुळे, आणि ते अपेक्षित होतं. तुमच्या शॉकअपची दांडी १४ मिमीची, म्हणजे तिचं तोंड सुमारे दीड चौरस सेंटिमीटर. आत नायट्रोजनचा दाब २० ते २५ बार. गुणाकार केला की प्रत्येक शॉकअप दांडीला ३० किलोच्या वर जोराने बाहेर ढकलत असतो. तेवढ्याने नाक किंचित उचलतं. आमच्या जॉब कार्डवर आधीची आणि नंतरची उंची लिहिलेली आहे, फरक पाव इंचाच्या थोडा वर आहे. योग्य स्प्रिंग घालताना उंची त्या हिशोबाने धरायची असते.

मग साधे शॉकअप का दिले नाहीत? शेजाऱ्यांना जे बसले ते दोन नळ्यांचे, कमी दाबाचे असणार, आणि ते वाईट अजिबात नाहीत. रविवारी आइस्क्रीम खायला जाणाऱ्या आणि क्रूझमध्ये पहिल्या गिअरवर रांगणाऱ्या गाडीला मी स्वतः तेच सुचवतो. त्यांची बाहेरची नळी दगडाने चेपली तरी आतली शाबूत राहते. एकाच नळीच्या शॉकअपला मोठा पोचा आला तर पिस्टन अडकतो, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. पण तुम्ही म्हणालात की उन्हाळ्यात सहकुटुंब शिकागोला जायचंय, भरल्या डिकीने. तासन्‌तास खराब रस्त्यावर दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये तेलाला फेस येऊ लागतो आणि पकड ढिली पडते. एकाच नळीच्या शॉकअपमध्ये तेल आणि गॅस यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, दोघं मिसळत नाहीत. पैसे त्याचे आहेत.

तुमच्या मित्राने सुचवलेले ९०/१० शॉकअप ड्रॅग स्ट्रिपसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यासाठी असतात. सुटताना नाक चटकन वर यावं आणि सावकाश खाली बसावं, म्हणजे वजन मागच्या चाकांवर जातं. शाळा सुटायच्या वेळी रस्त्यावर ब्रेक मारताना ते नाक असं वर-खाली होणं नको.

तपासणीचे पैसे अंदाजपत्रकात पहिल्या ओळीला होते, त्यावर तुमची सही आहे. त्यात गाडी लिफ्टवर घेऊन कंट्रोल आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश, पुढच्या सबफ्रेमचे (इंजिन आणि पुढची चाकं धरणाऱ्या चौकटीचे) रबर आणि चारही कोपऱ्यांची उंची बघितली जाते. सबफ्रेमचं रबर कुजलेलं असेल तर पुढची सगळी चौकट हलते आणि माणूस शॉकअपला दोष देत बसतो. तुमचं रबर चांगलं निघालं, तेही लिहून दिलं. हे न बघता मी कुणालाही शॉकअप विकत नाही.

माझा प्रस्ताव असा आहे. ३२७ आणि ऍल्युमिनियम हेडच्या वजनाला बसेल अशी पुढची स्प्रिंगची जोडी मी खरेदीच्या किमतीत मागवून देतो, बसवण्याची मजुरी घेणार नाही. अलाइनमेंट मात्र नव्याने करावं लागेल, ते बाहेर होतं, त्याचे पैसे तिथे द्यावे लागतील. स्प्रिंग बदलल्यावर आपण दोघं त्याच आय-७५च्या पट्ट्यावर जाऊ. तेव्हाही शॉकअप कडक वाटले तर काढून घेईन आणि तुम्ही म्हणाल ते दोन नळ्यांचे बसवून फरकाची रक्कम परत करीन. एअर शॉक सोडून.

मंगळवार ते शुक्रवार सकाळी कधीही या, आधी एक फोन करा. येताना टाकी अर्धी भरलेली आणि डिकी रिकामी असू द्या, उंची त्याच वजनावर मोजायची आहे.