उणे १९६ अंशांतलं बाळ : पालकांसाठी काही सूचना

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या समस्त आईबापांनो, अभिनंदन! १६ फेब्रुवारी २०२४ रोजी तुमच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तुमच्याकडे पाळणा हलला. पाळणा म्हणजे द्रवरूप नायट्रोजनची टाकी. आयव्हीएफसाठी, म्हणजे शरीराबाहेर गर्भधारणा घडवण्यासाठी, गोठवून ठेवलेला तुमचा एकेक भ्रूण आता कायद्याने मूल आहे. मूल दगावलं तर आईबापांना दावा लावू देणारा हा कायदा १८७२ सालचा, म्हणजे घरात साधा बर्फ करायचीही सोय नव्हती तेव्हाचा.

आता संगोपनाचं बघू. बाळाला दुपट्यात गुंडाळू नका, टाळूवर तेल घालू नका. तीट तर मुळीच नको. बाळ शंभर-दीडशे पेशींचं. तीट लावलीत तर तिच्याखाली सापडायचं नाही. सात भ्रूण असतील तर सात नावं काढून ठेवा, आत्याला आधीच कळवा. दृष्ट काढायची असेल तर तेव्हाचे मुख्य न्यायाधीश टॉम पार्कर यांना विचारा. त्यांनी आपल्या स्वतंत्र मतात देवाच्या कोपाचीही आठवण करून दिली आहे.

खोलीला कुलूप मात्र हवंच. २०२० मध्ये मोबील शहरातल्या एका रुग्णालयात कुणी रुग्ण भटकत भ्रूणांच्या खोलीत शिरला, त्याने भ्रूण उचलले, गारठ्याने हात भाजला आणि हातातलं सगळं जमिनीवर. ज्या जोडप्यांचे ते भ्रूण होते त्यांचं दुःख खरं होतं, त्याची थट्टा नाही. पण त्यांच्याच दाव्यावर हा निकाल लागला आणि राज्यातल्या मोठ्या क्लिनिकांनी भीतीने उपचारच थांबवले. पोटावर इंजेक्शनांचे निळे डाग घेऊन बसलेल्या बायकांना फोन आले, तारीख रद्द.

घाबरू नका, ६ मार्चला तोडगा निघाला. ‘भ्रूण म्हणजे मूल नव्हे’ एवढं म्हणायचं धाडस आमदारांना झालं नाही. त्यांनी क्लिनिकांना संरक्षण दिलं. म्हणजे मूल ते मूलच, पण आयव्हीएफ करताना डॉक्टरांच्या हातून दगावलं तर डॉक्टरांवर ना दावा, ना खटला. आपल्या गल्लीतल्या पाळणाघरवाल्या काकूंना हे कळू देऊ नका.

आणि हो, बाळ पोटात असलं तरी गाडीत त्याला माणूस समजू नका. २०२२ मध्ये टेक्सासात एक गर्भवती बाई निदान दोन माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखीव लेनमधून गेली. पोटातलं धरून दोघं आहोत म्हणाली, तर दंडाची पावती मिळाली.

मूलच नको असेल तर? गर्भपाताचं नाव काढू नका. अलाबामात बलात्कारातून गर्भ राहिला तरी सूट नाही. गर्भनिरोधक गोळ्या सध्या मिळतात, तोवर घ्या. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क काढून घेतला त्याच दिवशी तिथले न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी गर्भनिरोधकांचा हक्क देणारा १९६५ चा निकालही पुन्हा तपासावा असं लिहून ठेवलं. तो हक्क कायद्यात बसवायचं विधेयक ५ जून २०२४ ला सिनेटमध्ये अडलं : मतं ५१, हवी होती ६०. विरोधक म्हणाले, गोळ्यांवर बंदी घालतंय कोण? बरोबर आहे. चोर अजून आलेला नाही, मग कुलूप कशाला?

राहता राहिली टाकीवरची चिठ्ठी. वडिलांच्या नावाची जागा कोरी सोडा. ऑक्टोबर २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी स्वतःला ‘आयव्हीएफचे जनक’ म्हणवून घेतलं आहे. आयव्हीएफ म्हणजे काय, हे अलाबामाच्या सिनेटर केटी ब्रिट यांनी फोनवर दोनेक मिनिटांत समजावलं, असंही त्यांनीच सांगितलं.