दगडावरचे काळे ‘नेचे’ हे नेचे नव्हे

मलईच्या रंगाच्या फरशीवर काळ्याभोर, नाजूक फांद्या पसरलेल्या दाखवणारे एक छायाचित्र पुन्हा पुन्हा फिरत असते. हे दगडात अडकलेले नेचे आहे, त्याचा कोळसा झाल्यामुळे ते काळे पडले आहे आणि म्हणून ते खडकाइतकेच जुने आहे, असा दावा त्यासोबत असतो. यातले एकही विधान टिकत नाही.

आधी नेच्याचे पाहू. जर्मनीतल्या सोल्नहोफेनच्या चुनखडकात अशा आकृत्या विपुल आढळतात आणि तिथला तळहाताएवढा एक तुकडा माझ्या टेबलावर आहे. भिंगातून पाहिले तर त्या फांद्यांना ना देठ, ना मध्यशीर. केसाएवढ्या एका भेगेपासून निघून त्या तिच्या दोन्ही अंगांना पसरल्या आहेत, आणि कोणतेही पान भेगेच्या कडेने असे रांगेत उगवत नाही. नागपूर-चंद्रपूर भागातल्या गोंडवनी खडकांत ग्लोसोप्टेरिस या लुप्त झालेल्या वनस्पतीची खरी पाने सापडतात, त्यांच्यावर मध्यशीर आणि तिच्यापासून निघणारे शिरांचे जाळे स्पष्ट ओळखू येते. अर्थात, सोल्नहोफेनमध्येच १८६१ साली आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याचा सांगाडा मिळाला असल्याने तिथली प्रत्येक खूण जीवाश्म वाटावी, हे समजण्यासारखे आहे.

कोळशाचा दावा घरीही तपासता येतो. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब काळ्या भागावर टाकला की तो फसफसू लागतो, कारण तो कोळसा नसून मँगनीजच्या ऑक्साइडांचा थर आहे आणि ही ऑक्साइडे पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन यांत झपाट्याने विघटन घडवतात.

इथे हा दावा खोडून काढणाऱ्यांचीही एक चूक सांगायला हवी. ‘हे नेचे नव्हे, पायरोल्युसाइट आहे’ असे ते ठामपणे सांगतात आणि कित्येक पुस्तकांतही तसे छापलेले असते. पायरोल्युसाइट म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारे डायऑक्साइड खनिज कोरड्या बॅटरीसाठी वापरले जाते. मात्र पॉटर आणि रॉसमन या संशोधकांनी १९७९ मध्ये अवरक्त वर्णपटाच्या साहाय्याने अशा आकृत्या तपासल्या, तेव्हा त्यांत पायरोल्युसाइट नव्हे, तर रोमानेशाइट, टोडोरोकाइट आणि हॉलंडाइट गटातली खनिजे आढळली. या खनिजांच्या स्फटिकरचनेत रुंद बोगदे असतात आणि त्यांत बेरियम, पोटॅशियम यांसारखे मोठे आयन सामावतात. पायरोल्युसाइटच्या अरुंद बोगद्यांत त्यांना जागा नसते.

राहिला वयाचा प्रश्न. ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात मँगनीज विरघळलेले राहते; असे पाणी भेगांतून झिरपत ऑक्सिजनच्या संपर्कात आले की मँगनीजचे ऑक्सिडीकरण होऊन अविद्राव्य काळा थर साचतो, आणि एरवी संथ असलेली ही क्रिया सूक्ष्मजीव पुष्कळ वेगाने घडवून आणू शकतात. साचलेल्या थराचे जे टोक जरा पुढे आलेले असते त्याला नवा पुरवठा आधी मिळतो, मागच्या खाचा उपाशी राहतात, आणि त्यामुळे टोकाला टोक फुटत फांद्या तयार होतात. विटन आणि सँडर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८१ साली संगणकावर स्वैर भटकणारे कण एकमेकांना चिकटत ठेवले, तर त्यातूनही असेच झाड उभे राहिले. सोल्नहोफेनचा खडक सुमारे १५ कोटी वर्षांचा आहे. फांद्यांबद्दल मात्र, त्या भेगेनंतरच्या आहेत, एवढेच नुसत्या छायाचित्रावरून सांगता येते.