सेन्सॉरमुळे सिनेमा भारी होतो म्हणे!

इराणी सिनेमा दाखवला की नंतरच्या गप्पांमध्ये एक डायलॉग ठरलेला असतो. कुणीतरी घसा खाकरून म्हणतं, "बघा, तिकडे एवढी बंधनं, म्हणून तर एवढं तरल काम होतं, आपल्याकडे सगळी मोकळीक आणि बनवतात काय!" की लगेच आजूबाजूच्या चारपाच माना डोलतात. मी दरवेळी चहाचा कप घेऊन गुपचूप सटकते, पण परवा परत तेच ऐकलं आणि म्हटलं आता लिहूनच टाकू, लांबलं तर लांबलं.

आधी त्यात जेवढं खरंय तेवढं देऊन टाकते. १९७९ च्या क्रांतीनंतर तिकडचा नियम असा की पडद्यावरच्या बाईचे केस झाकलेले पाहिजेत, मग ती स्वतःच्या घरात, नवऱ्यासमोर का असेना, कारण बघणारा प्रेक्षक परका. आता सांगा, घरात रात्री स्कार्फ बांधून कोण झोपतं? नवराबायकोनी हातात हात घ्यायचा नाही, आजारी माणसाला धीर द्यायलाही शिवायचं नाही, म्हणजे घरातला साधा सीन खोटा पडणार हे आधीच ठरलं. म्हणून बरेच जण कॅमेरा घेऊन घराबाहेर पडले, गल्लीत, डोंगरावर, गाडीत, आणि हिरो म्हणून लहान मुलं घेतली. एवढं मान्य.

इराणी दिग्दर्शक असगर फरहादीची युक्ती तर बघण्यासारखी आहे. 'अ सेपरेशन' (२०११) बराचसा घरातच घडतो, पण बायको घर सोडून गेलेली आणि म्हाताऱ्या वडिलांना बघायला एक परकी बाई कामाला ठेवलेली, त्यामुळे तिच्या डोक्यावरचा स्कार्फ खटकतच नाही. त्या म्हाताऱ्याला अल्झायमर, तो कपड्यातच लघवी करतो. ही कामाची बाई रझिया, गरोदर, धार्मिक, थेट फोन लावून विचारते की मी याचे कपडे बदलले तर पाप लागेल का? आणि तिची चिमुरडी बाजूला उभी राहून म्हणते, मी बाबांना सांगणार नाही. मी तो सीन कितीदा बघितलाय, दरवेळी पोटात गोळा येतो. पण हे फरहादीला सुचलं म्हणून झालंय हो, सेन्सॉरवाल्याने सुचवलं म्हणून नाही! श्रेय कुणाला देतोय आपण?

आणि मुलांच्या सिनेमाचं म्हणाल तर दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामीने पहिली शॉर्ट फिल्म १९७० मध्ये केली, क्रांतीच्या नऊ वर्षं आधी. तेव्हा शहाच्या, म्हणजे क्रांतीआधीच्या राजाच्या राजवटीत 'कानून' नावाची सरकारी संस्था होती, मुलांसाठी लायब्ऱ्या, पुस्तकं वगैरे करणारी, तिथे सिनेमा विभाग निघाला आणि हा माणूस तिथे वर्षानुवर्षं काम करत राहिला. फरूग फर्रुखजाद या कवयित्रीची कुष्ठरोग्यांच्या वसाहतीवरची फिल्म त्याच्याही आधीची, साठच्या दशकातल्या सुरुवातीची. दिग्दर्शक मेहरजुईचा 'द काऊ' १९६९ चा, त्याला पैसे शहाच्या सरकारचे आणि गरिबी दिसते म्हणून अडवला पण त्याच सरकारने, आणि पुढे तोच सिनेमा क्रांतीचे नेते खोमेनींना आवडला असं सांगतात (घ्या!). म्हणजे झाड आधीच वाढलेलं होतं. त्यात कवितेची मुळं वेगळीच. कियारोस्तामीच्या 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस' या सिनेमाचं नावसुद्धा सोहराब सेपेहरी या कवीच्या कवितेतून आलंय.

त्या सिनेमातले (१९८७) आजोबा आठवतात? पोरगं मित्राची चुकून आलेली वही परत द्यायला जिवाच्या आकांताने पळतंय, कारण गृहपाठ वहीत नसेल तर मित्राला शाळेतून काढणारेत. आणि आजोबा त्याला अडवून सिगारेट आणायला पिटाळतात. सिगारेट त्यांच्याकडे आहे! शेजारच्याला सांगतात की पोराला सिगारेटसाठी नाही, वळण लागावं म्हणून पाठवलं. वर अभिमानाने सांगतात, आमचे वडील दर आठवड्याला एक नाणं द्यायचे आणि पंधरा दिवसांनी एकदा मार, नाणं कधी विसरायचे पण मार विसरले नाहीत. आज्ञा पाळण्यासाठी आज्ञा म्हणजे काय ते यापेक्षा स्पष्ट मी कुठे बघितलेलं नाही. आणि हा आजोबा आपल्याकडे दर वाड्यात होता, खोटं बोलू नका.

आता गाडी. कियारोस्तामीचा 'टेस्ट ऑफ चेरी' (१९९७, कान फिल्म फेस्टिव्हलचा सर्वोच्च पुरस्कार पाम द'ओर) म्हणजे एक माणूस तेहरानबाहेरच्या मातकट डोंगरांमध्ये गाडी फिरवत, मेल्यावर माझ्यावर माती लोटशील का असं विचारत हिंडतोय, बस. मला पण वाटायचं की गाडी हा सेन्सॉरवरचा उपाय असणार. मग त्याचाच 'सर्टिफाईड कॉपी' बघितला. २०१०, इटलीत टस्कनीमध्ये शूट, तिथे ना स्कार्फ ना परवानगी, आणि तरी हा गाडीतच जाऊन बसला! वर फ्रेंच नटी ज्युलिएट बिनोश रेस्टॉरंटच्या वॉशरूममध्ये आरशात, म्हणजे थेट आपल्याकडे बघत, लिपस्टिक लावते, कानातले घालते, आणि तिच्या डोळ्यांत संध्याकाळबद्दलची सगळी आशा दिसते. हा शॉट तेहरानमध्ये घेताच आला नसता. असे किती शॉट्स त्याच्या डोक्यातच राहिले असतील, त्याचा हिशोब "बंधनातून कला" म्हणणारे कुठल्या वहीत मांडतात?

याच भूमिकेसाठी बिनोशला कानमध्ये अवॉर्ड मिळालं तेव्हा तिने स्टेजवर इराणी दिग्दर्शक जफर पनाहीच्या नावाची पाटी धरली, कारण तो तेव्हा तुरुंगात होता. कियारोस्तामीचा एकेकाळचा असिस्टंट. त्याच वर्षी त्याला सहा वर्षांची शिक्षा आणि वीस वर्षं सिनेमा करायला बंदी. त्याने बंदीतही सिनेमे काढले. 'टॅक्सी'मध्ये (२०१५) स्वतःच टॅक्सी चालवतो आणि त्याची भाची शाळेचा प्रोजेक्ट म्हणून फिल्म करतेय, बाईंनी नियम दिलेत, सज्जन पुरुषाला टाय नको, त्याचं नाव इराणी नको, पवित्र नाव हवं, काळंकुट्ट वास्तव नको. रस्त्यावर एक कचरा वेचणारा पोरगा नवरदेवाचे खाली पडलेले पैसे उचलतो तर ही त्याला बोलावून सांगते, जा परत देऊन ये, नाहीतर माझी फिल्म दाखवता येणार नाही! हसून हसून मेले मी, आणि मग हसू येईना. २०२२ मध्ये त्याला परत आत टाकलं, २०२३ च्या फेब्रुवारीत त्याने उपोषण सुरू केलं तेव्हा कुठे सोडलं. दिग्दर्शक रसूलोफला २०२४ मध्ये आठ वर्षं कैद आणि फटके सुनावले, तो डोंगरातून पायी देश सोडून पळाला. नादेरी, बेझाई, मखमलबाफ हे दिग्दर्शकही देश सोडून गेले.

आणि ते "आपल्याकडे सगळी मोकळीक" हे कुणी सांगितलं? महाराष्ट्रात नाटकाची संहिता आजही परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे जाते. १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या 'सखाराम बाईंडर'वर बंदी आली, दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि केस जिंकले. मंडळामुळे तेंडुलकर एवढे भारी लिहायचे, असं म्हणून दाखवा कुणीतरी पुण्यात. पण फारसीत असलं की चालतं.

असो. ज्यांनी यातलं काहीच बघितलं नाही त्यांनी 'टॅक्सी'पासून सुरुवात करा, ऐंशी मिनिटांच्या आसपास आहे, झोप येणार नाही. 'टेस्ट ऑफ चेरी' रात्री जेवून बसून बघू नका, मग मला शिव्या घालाल. आणि दिग्दर्शक माजिद मजीदीचे फॅन्स कमेंटमध्ये येणार हे माहितीये, 'चिल्ड्रन ऑफ हेवन' मलाही आवडतो, फक्त त्यात साखर जरा जास्त पडलीये असं माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.