'लोकांच्या मरणाचा खेळ': एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. (प्रोफाइलवर 'निवृत्त शिक्षक' दिसलं म्हणून काका म्हणतोय, चालेल ना?) तुमची कमेंट चार दिवसांपूर्वी वाचली, आधी डोकं फिरलं, मग दुसऱ्यांदा वाचल्यावर अर्धा राग गेला, आणि उरलेल्या अर्ध्यावर हे उत्तर लिहितोय, त्यामुळे थोडं लांबेल.

ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी: मी 'धिस वॉर ऑफ माइन' या कॉम्प्युटर गेमबद्दल लिहिलं होतं आणि तिला कलाकृती म्हटलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं की हा लोकांच्या मरणाचा खेळ आहे, एसीत बसून बटणं दाबणाऱ्यानं जगण्याच्या झुंजीबद्दल बोलू नये, त्यांच्या आजीनं बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडली आणि मिलो (रेशनवर मिळणारी लाल ज्वारी) खाऊन पोरं जगवली, तिला ही गेम दाखवली असती तर तिनं काय म्हटलं असतं?

आधी कबुली. मी पोस्टमध्ये 'युद्ध अनुभवलं' असं एक वाक्य लिहिलं होतं. ते चूक आहे, सरळसरळ चूक आहे. मी युद्ध अनुभवलं नाही, मी जेवून उठलो आणि माऊस हातात घेतला. ते वाक्य काढतो. एसी मात्र नाहीये काका, पंखा आहे, तोही आवाज करतो.

पण 'मरणाचा खेळ' हे मला पटत नाही. ही गेम २०१४ साली पोलंडमधल्या, वॉर्सातल्या लोकांनी बनवली. त्यातलं शहर काल्पनिक आहे, पोगोरेन नावाचं, पण मागे आहे ते सारायेव्हो. बोस्नियाच्या या राजधानीला १९९२ च्या एप्रिलपासून १९९६ च्या फेब्रुवारीपर्यंत वेढा होता, १,४२५ दिवस. वीज नाही, गॅस नाही, पाण्यासाठी कॅन घेऊन रांगेत उभं राहायचं आणि वर डोंगरावरून स्नायपर, म्हणजे लांबून नेम धरून गोळी घालणारे. बागेतली झाडं संपल्यावर लोकांनी फर्निचर जाळलं, बूट जाळले, पुस्तकं जाळली. गेममध्येही पुस्तक सापडलं की दोनच गोष्टी करता येतात, वाचा म्हणजे मन जरा थाऱ्यावर येतं, नाहीतर चुलीत घाला. मी पहिल्या हिवाळ्यात एकही वाचलं नाही, सगळी जाळली. आणि मी पुस्तकांवर ब्लॉग लिहिणारा माणूस!

यात तुम्ही सैनिक नसता, हा मुख्य मुद्दा. नेहमीच्या वॉर गेममध्ये बंदूक हातात आणि समोर शत्रू. इथे पडक्या घरात तीन-चार साधी माणसं, एक स्वयंपाकी, एक फुटबॉल खेळणारा, एक पत्रकार बाई. दिवसा स्नायपरमुळे बाहेर पडता येत नाही म्हणून घरात चूल बांधा, पावसाचं पाणी गोळा करा, उंदराचा सापळा लावा. रात्री एकजण पाठीवर पिशवी टाकून खाणं, औषधं शोधायला बाहेर जाणार. वेढा कधी उठणार ते माहीत नाही. आणि मागे जाऊन चूक सुधारता येत नाही, मेला तो मेला.

आता ती रात्र सांगतो जिच्यामुळे मूळ पोस्ट लिहिली. ब्रुनो (आमचा स्वयंपाकी) आजारी, घरात औषधाची एक गोळी नाही, खाण्याचे डबे संपलेले. मी पावलेला पाठवलं, तो फुटबॉलवाला, जोरात पळतो म्हणून. तो शिरला ते घर कसलं तर एका म्हाताऱ्या जोडप्याचं. शस्त्र नाही, काही नाही. म्हातारा नुसता मागे मागे फिरतो आणि विनवतो, नका नेऊ, बायको आजारी आहे. कपाटावर क्लिक केलं की उघडायला काही क्षण लागतात, ते गोल हळूहळू भरत जातं, आणि वस्तूंवर स्पष्ट लिहिलेलं असतं की ही दुसऱ्याची मालमत्ता आहे. ते गोल भरत असताना थांबता येतं. मी नाही थांबलो. औषधं घेतली, डबे घेतले, आणि काका, खोटं नाही सांगत, पिशवीत जागा उरली होती म्हणून मी परत वळून आणखी एक कपाट उघडलं.

सकाळी ब्रुनोला औषध मिळालं. पण पावलेच्या फोटोखाली 'दुःखी' असं आलं, आणि अशी दोन-तीन कामं झाली की माणूस जमिनीवर बसून राहतो, कितीही क्लिक करा, उठत नाही. आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या मनातल्या मनात कोणालातरी सांगत होतो की नाइलाज होता. कोणाला सांगत होतो? घरात कोणी जागंसुद्धा नव्हतं.

म्हणून मी तिला कला म्हटलं. नाटकात तो म्हातारा लुटला गेला असता तर मी लुटणाऱ्याला शिव्या देऊन मोकळा झालो असतो, प्रेक्षक म्हणून माझे हात स्वच्छ. इथे लुटणारा मीच. भूक कळली का? अजिबात नाही. पण भुकेपोटी माणूस स्वतःला काय काय पटवून देतो त्याचा अंदाज आला, आणि तो बटण दाबल्याशिवाय आला नसता.

आणि बटणाचंच वाकडं असेल तर बटण बाजूला ठेवा. आइदा शेहोविच ही बोस्नियाचीच कलाकार, लहानपणी निर्वासित झालेली. १९९५ च्या जुलैत स्रेब्रेनित्सात जे पुरुष आणि मुलगे मारले गेले त्यांच्यासाठी ती २००६ पासून दरवर्षी ११ जुलैला एका वेगळ्या शहराच्या चौकात कॉफीचे छोटे बिनदांड्याचे कप मांडायची. लोकांनी घरून दिलेले कप. येणारा-जाणारा कोणीही वाकून कपात ताजी कॉफी ओतायचा आणि ती तशीच ठेवून निघून जायचा. कामाचं नाव 'श्तो ते नेमा', म्हणजे साधारण 'तू का नाहीस इथे'. मागे राहिलेल्या बायका सांगायच्या की नवऱ्यासोबतची कॉफी सगळ्यात जास्त आठवते. पहिल्या वर्षी ९२३ कप होते, २०२० ला स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीत शेवटचं मांडलं तेव्हा ८,३७२ च्या वर. लांबून बघितलं तर नुसते कप आहेत हो, स्वतःच्या हातानं ओतलेली कॉफी न पिता उठायचं, तिथे ते लागतं.

तुम्ही शिक्षक होतात म्हणून एक सांगतो, पोलंडच्या सरकारनं २०२० मध्ये हीच गेम शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घालायचं जाहीर केलं, फक्त अठरा वर्षांवरच्या मुलांसाठी. सरकारनं म्हटलं म्हणून ती थोर ठरते असं नाही (आपल्याकडे यादीत काय काय येतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत), पण टाइमपास म्हणून सोडून द्यावी अशीही ती नाही.

राहिल्या आजी. त्यांनी ही गेम बघून माझ्या पाठीत धपाटा घातला असता हे मला मान्य आहे. पण मला उगाच वाटतं की त्यांचं सारायेव्होच्या बायकांशी जमलं असतं. वेढ्यात मदत म्हणून इकार नावाचं डबाबंद बीफ यायचं, इतकं घाण की कुत्रीमांजरं तोंड लावत नव्हती असं तिथले लोक सांगतात. तर २००७ मध्ये सारायेव्होत त्या डब्याचा पुतळा उभारला, आणि खाली लिहिलं की आंतरराष्ट्रीय समुदायाला सारायेव्होच्या कृतज्ञ नागरिकांकडून. आमच्या घरी मिलोचं नाव निघालं की माझी आजी जो चेहरा करायची ना, त्याचा पुतळा केला तर अगदी असाच होईल.

ते 'अनुभवलं'वालं वाक्य आज रात्री बदलतो, खाली तुमच्या कमेंटचा उल्लेख करून. आणि एक विचारायचं होतं, माझी आजी आता नाही म्हणून तुम्हाला विचारतो: मिलोची भाकरी थापली जायची का नीट, की तुटायची? आमच्याकडे यावर अजून भांडण आहे.