एआरटी केंद्राच्या रांगेत कोण उभे असते?

1 डिसेंबरचा जागतिक एड्स दिन जवळ आला, की व्हॉट्सॲपच्या गटांतून एक दावा थोड्याफार शब्दभेदाने पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा : सरकारी एआरटी केंद्रांतून (एआरटी म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारा औषधोपचार) एचआयव्हीची औषधे फुकट घेणारे लोक बहुतांशी देहविक्रय, सुईची नशा किंवा समलिंगी संबंध यांतून आलेले असतात, अलीकडे त्यांत विद्यार्थ्यांची भर पडली असून त्रिपुरात एकदम 828 विद्यार्थी बाधित निघाले, देशात सर्वाधिक बाधित महाराष्ट्रात आहेत, यावरून आपले राज्य कुठे चालले आहे ते ओळखावे, आणि स्वतःच्या वागणुकीने आजार ओढवून घेणाऱ्यांवर करदात्याचा पैसा उधळला जात आहे. यांतले काही आकडे खरे आहेत, आणि म्हणूनच हा मजकूर भल्याभल्यांना पटतो. आकडा खरा पण त्यावरून काढलेला अर्थ खोटा, अशी गाठ असेल तर ती एकेक धागा सोडवूनच उकलावी लागते.

पहिल्या विधानापासून सुरुवात करू, कारण बाकीची तिन्ही त्याच्याच आधाराने उभी आहेत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, ठरावीक वर्षांनी वेगवेगळ्या समाजगटांतील एचआयव्हीचे प्रमाण तपासते. 2017 च्या पाहणीत ते सुईने नशा करणाऱ्यांत 6.26 टक्के, तृतीयपंथी व्यक्तींत 3.14 टक्के, पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांत 2.69 टक्के आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत 1.56 टक्के आढळले. त्याच वर्षी गरोदर स्त्रियांत ते 0.28 टक्के होते. हे अंतर मोठे आहे आणि ते नाकारण्यात काही अर्थ नाही. परंतु ‘या गटात एचआयव्हीचे प्रमाण जास्त आहे’ आणि ‘एचआयव्ही असलेल्यांत या गटाचे लोक जास्त आहेत’ ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत, आणि पहिल्यावरून दुसरे काढताना गट मुळात केवढा आहे हे पाहावेच लागते.

ते पाहण्यासाठी साधा गुणाकार पुरतो. नॅकोच्या अलीकडच्या मोजणीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया सुमारे 10 लाख, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष सुमारे साडेतीन लाख, सुईने नशा करणारे तीन लाखांच्या आत आणि तृतीयपंथी एक लाखाच्या आसपास आहेत. या संख्यांना वरील टक्केवारी लावली, तर चारही गट मिळून येणारी बेरीज 50 हजारांच्या आत राहते. नॅकोच्या 2023 च्या अंदाजानुसार देशात एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्ती आहेत 25.44 लाख. म्हणजे हा हिस्सा सुमारे दोन टक्क्यांचा झाला. ही मोजणी ठरावीक ठिकाणी भेटणाऱ्या लोकांचीच होते, ओळख लपवून राहणारे तिच्यात येत नाहीत आणि पूर्वी या गटांत असलेले आज निराळ्या ओळखीने जगत असतील, हे आक्षेप रास्त आहेत. त्यांच्यापोटी बेरीज चौपट धरली, तरी ती आठ टक्क्यांच्या पुढे जात नाही. ‘बहुतांशी’ या शब्दाला यात जागा कुठेच नाही.

मग उरलेले कोण? त्याच अंदाजानुसार बाधितांपैकी सुमारे 44 टक्के स्त्रिया आहेत, म्हणजे 11 लाखांहून अधिक. त्यांतील फार मोठ्या संख्येने स्त्रियांना हा विषाणू लग्नाच्या नात्यातून मिळाला, आणि ही गोष्ट आपल्याकडे नव्याने कळलेली नाही. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 ते 1996 या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची तपासणी केली होती. देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी 13.6 टक्के स्त्रिया बाधित निघाल्या, आणि त्यांतील बहुसंख्य विवाहित असून त्यांचा पतीखेरीज कोणाशीही संबंध आलेला नव्हता. हा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यात मिळालेले हे उत्तर इतक्या वर्षांनी पुण्याच्याच कौटुंबिक गटांवर पुन्हा सांगावे लागते, हे विचित्र खरे.

दाव्याच्या काही आवृत्त्यांत माहिती अधिकारातून मिळालेला एक आकडाही जोडलेला असतो : 2011 ते 2021 या दहा वर्षांत 17 लाखांहून अधिक लोकांना असुरक्षित शरीरसंबंधांतून एचआयव्ही झाला. आकडा बरोबर आहे. परंतु ‘असुरक्षित शरीरसंबंध’ ही वैद्यकीय नोंदीतली संज्ञा आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे. नवरा-बायकोतील निरोधविना संबंधही तीच संज्ञा धारण करतो, आणि वरच्या परिच्छेदातील पुण्याच्या स्त्रियांची नोंदही याच रकान्यात झाली असती. शिवाय ही नोंद चाचणी केंद्रातील समुपदेशकाच्या टेबलासमोर बसून त्या व्यक्तीने स्वतः सांगितलेल्या माहितीवर होते. तालुक्याच्या गावात एखादा विवाहित पुरुष तिथे खरे तेवढेच सांगेल असे नाही. त्यामुळे समलिंगी संबंध किंवा नशा यांची नोंद काहीशी कमी होत असणार, हेही मान्य करायला हवे. मात्र चौपटीचा हिशेब वर दिला तो याच शंकेसाठी.

मुळात हे चित्र लोकांच्या मनात इतके घट्ट का बसले, याचे एक कारण तपासणीच्या इतिहासात आहे. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद 1986 मध्ये चेन्नईत झाली, आणि ती देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत झाली, कारण शोध त्यांच्यातच घेतला गेला होता. पुढे बरीच वर्षे देशाचा अंदाजही गुप्तरोग दवाखाने, गरोदर स्त्रियांची सरकारी केंद्रे आणि जोखमीचे गट अशा निवडक ठिकाणांवरून बांधला जाई. 2005-06 च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रथमच घरोघरच्या लोकांची रक्ततपासणी मोठ्या प्रमाणावर झाली, आणि 50 लाखांच्या वर सांगितला जाणारा आकडा 2007 मध्ये जवळपास 25 लाखांवर आला. रोगी कमी झाले नव्हते, तर बघण्याची जागा बदलली होती.

आता त्रिपुरा. 2024 च्या जुलैमध्ये ‘त्रिपुरात 828 विद्यार्थी एचआयव्हीबाधित, 47 मृत’ ही बातमी देशभर गाजली, आणि वाचणाऱ्याला वाटले की हे सारे त्या वर्षी, एका झटक्यात घडले. राज्य सरकारने लगेच खुलासा केला, की हे आकडे एप्रिल 2007 ते मे 2024 या 17 वर्षांतील एकूण नोंदणीचे आहेत. एआरटी केंद्राची नोंदवही अशीच चालते : नाव एकदा चढले की ते एकूण नोंदणीत कायम राहते, मग ती व्यक्ती हयात असो, दुसऱ्या राज्यात गेलेली असो वा शिक्षण संपवून नोकरीला लागलेली असो. एकूण नोंदणी आणि आज उपचार घेणारे हे दोन रकाने वेगळे न ठेवणाऱ्याने या आकड्यांना हात न लावलेलाच बरा.

त्याच माहितीतला दुसरा आकडा मात्र कोणी पुढे पाठवला नाही, आणि माझ्या मते अभ्यासण्यासारखा तोच आहे. त्या वेळी राज्यात हयात असलेल्या 5,674 बाधितांपैकी 4,570 पुरुष, 1,103 स्त्रिया आणि एक तृतीयपंथी व्यक्ती होती. स्त्रियांचे प्रमाण जेमतेम 19 टक्के. देशाच्या निम्म्याहूनही कमी. कारण तेथील प्रसाराला सुईच्या नशेचा मोठा हातभार आहे, आणि सुई वाटून घेणारे प्रामुख्याने तरुण पुरुष असतात. विषाणू ज्या वाटेने चालतो, त्या वाटेवरची माणसे त्याला भेटतात. ईशान्येत ती वाट अनेक ठिकाणी सुईची आहे. महाराष्ट्रात ती मुख्यत्वे स्त्री-पुरुष संबंधांची आहे, म्हणून ती घरात शिरते. त्रिपुराचे उदाहरण देऊन सांगलीच्या किंवा सोलापूरच्या केंद्रातील गर्दीविषयी बोलणे हा नकाशा उलटा धरण्याचा प्रकार आहे.

‘तरुण बिघडले’ या उद्गारापुढे आणखी एक गोष्ट ठेवायला हवी. लहान मुलांसाठीचा राष्ट्रीय एआरटी उपक्रम 30 नोव्हेंबर 2006 रोजी सुरू झाला. त्यावेळी सात-आठ वर्षांची असलेली, आईकडून गर्भात, जन्मताना किंवा दुधातून विषाणू मिळालेली मुले आज पंचविशी ओलांडून गेली आहेत. एआरटी केंद्राच्या बाकावर बसलेला महाविद्यालयीन तरुण दिसला, तर त्याचे औषध त्याच्या शाळेच्या दप्तराइतकेच जुने असू शकते.

महाराष्ट्राविषयीचे विधान थोडक्यात आटोपता येईल. 2021 च्या अंदाजानुसार देशातील 24.01 लाखांपैकी 3.94 लाख बाधित महाराष्ट्रात होते आणि ही संख्या सर्व राज्यांत मोठी होती, हे खरे. लोकसंख्येच्या मानानेही आपला हिस्सा जास्तच भरतो. पण प्रौढांतील प्रमाण पाहिले, तर त्याच वर्षी मिझोराम 2.70, नागालँड 1.36, मणिपूर 1.05 आणि आंध्र प्रदेश 0.67 टक्के, अशी राज्ये आपल्या बरीच पुढे आहेत. बारा कोटींच्या राज्याची संख्या मिझोरामशी भिडवून पाहण्यात हाती काही लागत नाही. दुसरे असे, की बाधितांची संख्या वाढणे आणि प्रसार वाढणे एक नाही. 2010 च्या तुलनेत 2023 पर्यंत देशात वर्षाला होणारी नवी लागण सुमारे 44 टक्क्यांनी घटली, पण एड्समुळे होणारे मृत्यू त्याहून अधिक, सुमारे 79 टक्क्यांनी घटले. माणसे मरायची थांबली, म्हणून जिवंत बाधितांचा आकडा मोठा दिसतो. आणखी एक बारीक गोष्ट स्थानिक आकडे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावी : ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून अनेक जण आपला जिल्हा सोडून दुसऱ्या जिल्ह्यात किंवा मुंबईत नाव नोंदवतात, तेव्हा एखाद्या केंद्राची नोंदसंख्या त्या गावाची बाधितसंख्या नसते.

राहिला करदात्याचा पैसा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यासाठी, 2021 ते 2026 या पाच वर्षांकरिता, 15,471.94 कोटी रुपये मंजूर झाले. 140 कोटी लोकसंख्येत वाटून पाहिल्यास ते माणशी वर्षाला 22 रुपयांच्या आसपास जातात, आणि त्यांत केवळ औषधे नव्हे, तर चाचण्या, समुपदेशन, गरोदर मातांची तपासणी आणि प्रतिबंधाचे कामही येते. सरकारी केंद्रांत मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 रोजी सुरू झाली ती दयेपोटी झाली असे मानले, तरी ती पुढे चालू ठेवण्यामागे रोखठोक हिशेब आहे. एचपीटीएन 052 या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत नऊ देशांतील 1,763 जोडप्यांचा अभ्यास झाला, आणि त्यात पुणे व चेन्नई येथील जोडपीही होती. बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केल्यास दुसऱ्याला होणारी लागण 96 टक्क्यांनी कमी होते, असे 2011 मध्ये जाहीर झाले. औषधाने व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, दबलेला असेल, तर संबंधांतून लागण होतच नाही, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले. म्हणजे या रांगेत उभ्या असलेल्या माणसावरचा खर्च रांगेत नसलेल्यांच्याही उपयोगाचा असतो. एप्रिल 2017 पासून सीडी4 या संरक्षक पेशींची संख्या न पाहता प्रत्येक बाधिताला औषध देण्याचे धोरण आले ते याच आधारावर.

येथे प्रतिवाद करणाऱ्यांच्याही एका चुकीकडे बोट दाखवणे भाग आहे. ‘रांगेत उभ्या असलेल्या बहुतेक बायका निर्दोष आहेत हो, त्यांना नवऱ्याकडून झाले’ असे उत्तर अनेक सज्जन देतात. ते संख्येने बरोबर असले, तरी औषध निर्दोषांसाठी असते हे मूळ दाव्यातील गृहीतक ते गुपचूप मान्य करून टाकते. वरचे सारे आकडे मी ‘बहुतांशी’ हा शब्द खोटा ठरवण्यासाठी दिले आहेत. देहविक्रय करणारी स्त्री किंवा नशा करणारा मुलगा यांचा औषधावर हक्क कमी आहे असे सुचवण्यासाठी नव्हे. 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आलेला एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा असा भेद करत नाही, आणि विषाणूही करत नाही.

या सर्व चर्चेत एक प्रश्न कोणीच विचारत नाही, तो रांगेबाहेरच्यांचा. 2023 च्या अंदाजाप्रमाणे देशातील बाधितांपैकी 81 टक्के लोकांना आपली लागण माहीत होती आणि त्यांपैकी 88 टक्के औषधांवर होते. हिशेब केल्यास सुमारे 18 लाख केंद्रांपर्यंत पोहोचले, आणि सात लाखांहून अधिक पोहोचले नाहीत. गरोदरपणी स्त्रीची चाचणी बहुधा होते, त्यामुळे निदान त्या निमित्ताने तरी ती नोंदवहीत येते. पुरुषाच्या आयुष्यात असा ठरलेला थांबा नसल्याने तो बहुधा क्षयरोग किंवा वजनघट घेऊन, उशिरा येतो. तेव्हा एआरटी केंद्राची नोंदवही समाजात एचआयव्ही कोणाला आहे हे पूर्णपणे सांगत नाही. ती कोण तपासले गेले आणि कोण टिकून राहिले हे सांगते. न आलेल्या त्या सात लाखांतल्या कित्येकांच्या मोबाइलवरही डिसेंबरात हाच मजकूर येऊन पडत असेल, आणि चाचणी केंद्राची पायरी चढावी की नाही याचा विचार ते तो वाचूनच करत असतील.